त्रेचाळीस बिननावाचे व्हॉल्व्ह

सकाळी नऊ वाजता आत्याआजीच्या घरातल्या तीनशे बारा व्हॉल्व्हना तीनशे बारा नावं होती. दुपारी दीड वाजता त्यातल्या त्रेचाळीस जणांना नावच उरलं नव्हतं. घरात चोर शिरला नव्हता, काही फुटलं नव्हतं, काही हरवलंही नव्हतं. व्हॉल्व्ह होते तिथेच होते, उलट पूर्वीपेक्षा जास्त चकचकीत दिसत होते. फक्त त्यांची नावं गेली होती.

ती कुणामुळे गेली, हे वल्लरीला ठाऊक होतं आणि म्हणूनच ती अजून काही बोलली नव्हती.

वल्लरी पुण्याची, वय वर्षं अकरा. मे महिन्याच्या सुट्टीत ती सोलापूरला आत्याआजीकडे, म्हणजे बाबांच्या आत्याकडे, सामान बांधायला मदत करण्यासाठी आली होती. आत्याआजीचं नाव नीलिमा माळवदे. रेडिओच्या प्रक्षेपण केंद्रात ती तीस वर्षं अभियंता होती आणि तिच्या वडिलांचं बार्शीला रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद झालं तेव्हा तिथले सगळे व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असतात त्या काचेच्या नळ्या, तिने घरी आणले आणि पुढे जिथे मिळतील तिथून गोळा करत गेली. आता ती पुण्याला वल्लरीच्या घरी राहायला येणार होती. वल्लरीच्या आईने फोनवर प्रेमाने सांगितलं होतं, "आत्या, काय हवं ते आणा, पण त्या तीनशे बाटल्या ठेवायला आपल्याकडे खरंच जागा नाही हो."

म्हणून ते सगळे व्हॉल्व्ह शहरातल्या विज्ञान केंद्राला द्यायचे ठरले. केंद्राच्या बागवान मॅडम आज चार वाजता ते न्यायला येणार होत्या. त्यांनी आधीच पत्र पाठवलं होतं आणि त्यातली एक ओळ जाड अक्षरांत होती: ज्या वस्तूला नाव नाही, ती संग्रहात घेतली जाणार नाही, ती काच वितळवण्याच्या कारखान्यात जाईल.

"नेटका," वल्लरी हळूच म्हणाली, "तू नक्की काय केलंस?"

नेटका हा सामान बांधणाऱ्या कंपनीने पाठवलेला यंत्रमानव. उंचीने वल्लरीएवढा, दोन लांब हात, पायांच्या जागी चाकं आणि बोलणं लग्नपत्रिकेसारखं. सोलापूरच्या उन्हात त्याची बॅटरी तापायची, म्हणून त्याने आल्या आल्या व्हॉल्व्हच्या खोलीतला एसी अठरावर ठेवून घेतला होता.

"आपल्या आज्ञेनुसार स्वच्छता केली," नेटका म्हणाला. "प्रत्येक काचेवर पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचे, अक्षरांसारखे दिसणारे डाग होते. ओल्या फडक्याने ते सहज निघाले. त्रेचाळिसाव्या वस्तूनंतर माझी बॅटरी संपली आणि ती चार्ज होईपर्यंत काम थांबलं, याबद्दल दिलगीर आहे. उरलेल्या दोनशे एकोणसत्तर वस्तू आता घेऊ का?"

"नको. हात लावू नकोस."

"एक डाग मात्र निघाला नाही. सव्विसाव्या वस्तूच्या काळ्या बुडावर ओरखडा आहे. पुष्कळ घासला. क्षमस्व."

सकाळभर वल्लरी नेटक्याबरोबर हेच काम करत होती. आत्याआजीने व्हॉल्व्ह अंड्यांच्या ट्रेमध्ये, चहाच्या डब्यांत आणि साड्यांच्या खोक्यांत कापसात गुंडाळून ठेवले होते. नेटक्याने ते आधी उंचीप्रमाणे लावले, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी करतात तसे. मग वजनाप्रमाणे लावले. मग आतून किती चंदेरी दिसतो, त्याप्रमाणे. प्रत्येक वेळी वल्लरीने ती रांग मोडायला लावली. शेवटी जेवायची हाक आली तेव्हा वैतागून ती म्हणाली होती, "तू सगळं नीट पुसून ठेव फक्त." आणि भाकरी-शेंगाचटणी खायला निघून गेली होती.

"आपली आज्ञा पुन्हा ऐकवू का?" नेटक्याने विचारलं. "माझ्याकडे ध्वनिमुद्रित आहे."

"नको," वल्लरी म्हणाली आणि आत्याआजीकडे गेली.

आत्याआजी स्वयंपाकघरात आमरसाचं मोठं पातेलं फ्रिजमध्ये कोंबत होती. वल्लरीने एका दमात सगळं सांगितलं. नेटक्याने पुसलं, पण पुसायला मीच सांगितलं, हेही सांगितलं. आत्याआजी रागावली नाही. ती आतल्या खोलीत आली, खुर्चीवर बसली आणि एकेक व्हॉल्व्ह उचलून उजेडात धरू लागली. ते वल्लरीला रागावण्यापेक्षा जड गेलं.

"यातला एक माझ्या वडिलांच्या स्वतःच्या रेडिओतला आहे," ती म्हणाली. "कुठला ते आता मलाही सांगता यायचं नाही."

"पण आत काय आहे ते दिसतंय ना काचेतून? मग नाव कशाला लागतं?"

"हे तीन बघ बरं." आत्याआजीने टेबलावर तीन व्हॉल्व्ह ठेवले. तिन्ही बोटाएवढे, तिन्हींना नऊ पाय, तिन्हींत करड्या पत्र्याची नळी. वल्लरीला ते तिळे भाऊ वाटले.

"व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात नळी (जिच्यातली हवा काढून टाकली आहे अशी काचेची नळी). मधोमध एक तंतू असतो. वीज दिली की तो तापतो आणि त्याच्या भोवतीच्या नळीला तापवतो. तापलेल्या नळीतून इलेक्ट्रॉन (विजेचे अतिशय सूक्ष्म कण) बाहेर उडतात. बाहेरचा हा पत्रा त्यांना ओढून घेतो."

"मग हवा कशाला काढायची?"

"मधल्या सुट्टीत तुझ्या शाळेच्या जिन्यावरून धावत जाता येतं का?"

"छे. सगळे आदळतात."

"हवेच्या कणांवर इलेक्ट्रॉन तसेच आदळतात. हवा काढली की जिना मोकळा. शिवाय हवेत तंतू जळून जाईल तो वेगळाच. आता तंतू आणि पत्रा यांच्यामध्ये ही बारीक तारेची जाळी आहे ना, ती म्हणजे जिन्यावर उभे असलेले सर. त्यांनी हात जरासा हलवला की गर्दी थांबते किंवा सुटते. जाळीला इवलासा इशारा आणि पत्र्यावर मोठा बदल. रेडिओतला बारीक आवाज असाच मोठा होतो."

"आणि नाव?"

"नाव म्हणजे पत्ता. ईएल ८४ असं लिहिलं असेल तर ई म्हणजे तंतूला सहा पूर्णांक तीन व्होल्ट हवेत. एल म्हणजे हा स्पीकरला जोर देणारा. आठ म्हणजे नऊ पायांची ही बैठक. चार हा त्याचा क्रमांक. यूएल ८४ अगदी तसाच दिसतो, पण त्याच्या तंतूला पंचेचाळीस व्होल्ट लागतात. सहाच्याला पंचेचाळीस दिले तर तंतू क्षणात जळेल. म्हणून नाव माहीत नसताना लावून बघायची सोय नाही. नावाप्रमाणे लावले की शेजारी-शेजारी एकाच कामाचे येतात आणि कुणालाही पाहिजे तो सापडतो. उंचीप्रमाणे लावले तर फक्त फोटो चांगला येतो."

नेटक्याने हे सगळं ऐकून घेतलं. "मी पुन्हा एकदा साबणाने धुऊन पाहू का? खाली काही असेल तर दिसेल."

"नको," दोघी एकदम म्हणाल्या.

"दोन वस्तूंना साबण आधीच लावला आहे," नेटका खालच्या आवाजात म्हणाला.

दोन वाजले. आत्याआजी व्हॉल्व्हच्या नोंदींच्या जुन्या वह्या शोधायला गच्चीत गेली. वल्लरी त्या गार खोलीत एक व्हॉल्व्ह नाकाशी धरून बसली. शाईचा एखादा ठिपका तरी सापडेल म्हणून तिने डोळे फाडफाडून पाहिलं. काहीच नव्हतं. तिने मोठा सुस्कारा सोडला. काच धुरकट झाली आणि त्या धुक्यात, जसं काही कुणी आतून लिहिलं असावं तसं, ८४ उमटलं. दोन सेकंदांत धुकं उडालं आणि आकडाही गेला.

वल्लरीने तो मुठीत घट्ट धरला आणि बाहेर धावली. आत्याआजी गच्चीत ट्रंक उघडून बसली होती. बाहेर एक्केचाळीस अंश होतं.

"आत्याआजी, हे बघ." वल्लरीने तोंड उघडून काचेवर हाऽऽ केलं. काही नाही. पुन्हा केलं. काच कोरडी ठणठणीत. पाचव्या हाऽऽनंतर तिला गरगरलं.

"दिसलं होतं गं, खरंच. ८४ दिसलं होतं."

"मला पटतंय," आत्याआजी म्हणाली. "आता रडायच्या आधी विचार करू. तेव्हा तू कुठे होतीस?"

"आत."

"आत आणि इथे फरक काय?"

वल्लरीने घाम पुसला. "इथे भट्टी आहे."

"आणि काच?"

वल्लरीने मूठ उघडली. काच तिच्या हातापेक्षाही गरम लागली. "आत गार होती. इथे तापली. फ्रिजमधून बाटली काढली की बाहेरून ओली होते, तसं? बाटली गार असली तरच होते ती ओली."

"हवेत पाण्याची वाफ असते, न दिसणारी. श्वासात तर पुष्कळ असते, कारण आपली फुप्फुसं आतून ओली आहेत. ती वाफ गार काचेला लागली की तिचे बारीक थेंब होतात. त्याला संघनन (वाफेचं पुन्हा पाणी होणं) म्हणतात. काच श्वासापेक्षा गरम असेल तर थेंब कशाला होतील?"

"पण अक्षर पुसलंय तर ते दिसलं कसं?"

"तू सांग. सत्तर वर्षं त्या काचेवर धूळ बसली, हात लागले, तेलाचा अंश बसला. फक्त एका जागी काही बसू शकलं नाही."

"शाईखाली," वल्लरी म्हणाली.

"बरोबर. शाई गेली, पण तिच्या खालची काच शेजारच्या काचेसारखी नाही. फडक्याला तो फरक कळत नाही, पाण्याला कळतो. तेलकट जागी थेंब गोल गोल उभे राहतात आणि पांढरे दिसतात. स्वच्छ जागी पाणी पातळ पसरतं आणि काच आरपार दिसते. म्हणून अक्षर वेगळं दिसतं. साबणाने सगळीच काच सारखी झाली की मग काही उरणार नाही."

वल्लरीने घड्याळ पाहिलं. सव्वादोन. एसीच्या खोलीत अक्षर दोन सेकंद टिकत होतं. तेवढ्यात वाचून होत नव्हतं. काच आणखी गार हवी होती. दोघींना एकदमच फ्रिज आठवला.

फ्रिजमध्ये मात्र आमरस होता. पातेलं मोठं होतं आणि बाहेर ठेवलं तर तासाभरात नासणार होतं. शेजारचे सगळे गावाला गेलेले. नेटक्याला खाता येत नव्हतं.

"विज्ञानासाठी," आत्याआजी म्हणाली आणि तिने दोन मोठ्या वाट्या काढल्या.

वल्लरीने चार वाट्या संपवल्या, आत्याआजीने तीन. पाचव्या वाटीला वल्लरी भिंतीला टेकून म्हणाली की पुण्याला गेल्यावर ती वर्षभर आंब्याचं नाव काढणार नाही. उरलेला रस तांब्यांत भरून कडेला सरकवला आणि व्हॉल्व्ह भरलेले अंड्यांचे दोन ट्रे आत गेले.

"वरच्या कप्प्यात उणे अठरा अंश आहे," नेटका म्हणाला. "तिथे काम लवकर होईल."

"तिथून काढून एकदम या उन्हात आणले तर काच तडकेल," आत्याआजी म्हणाली. "आणि वर बर्फ बसेल ते वेगळं. खालीच राहू दे."

पावणेतीनला पहिला व्हॉल्व्ह बाहेर आला. वल्लरीने पाय धरून तो उचलला, काचेला बोट लागू दिलं नाही आणि हळूच हाऽऽ केलं. धुक्यात अक्षरं आली आणि या वेळी चांगली आठ-दहा सेकंद राहिली.

"ई, एफ, ८०," तिने वाचलं. आत्याआजीने कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलं आणि दोऱ्याने पट्टी पायाजवळ बांधली.

"हे काम मी जलद करू शकेन," नेटका म्हणाला. त्याने एक व्हॉल्व्ह समोर धरला आणि छातीतल्या पंख्याने जोरात वारा सोडला. कागदाच्या पट्ट्या खोलीभर उडाल्या. काचेवर काही आलं नाही. त्याने दुप्पट वारा सोडला. आत्याआजीचा चष्मा हलला.

"माझ्या फुंकरीत काय कमी आहे?" नेटक्याने विचारलं.

"पाणी," वल्लरी म्हणाली. "तू आतून कोरडा आहेस."

नेटक्याने आपल्या कामाच्या यादीत 'श्वास घेणे: सुविधा उपलब्ध नाही' अशी नोंद केली आणि जमिनीवरच्या पट्ट्या गोळा करायला लागला. त्यानंतर त्याने फ्रिजमधून एकेक व्हॉल्व्ह हलक्या हाताने आणून देण्याचं काम घेतलं आणि ते त्याच्याइतकं चांगलं कुणालाच जमलं नसतं.

एकामागून एक नावं परत येत गेली. एक काच खोडकर निघाली, तिच्यावर नावाऐवजी एक बोटाचा ठसा उमटला. "दुकानातल्या कुणाचा तरी असेल," असं म्हणत आत्याआजीने तो ठसा विरेपर्यंत पाहिला. दुसऱ्या श्वासाला नाव आलं. अठराव्या व्हॉल्व्हपर्यंत वल्लरीला चक्कर यायला लागली, म्हणून पुढचे दहा आत्याआजीने घेतले.

पावणेचारला, पंधरा मिनिटं आधीच, बेल वाजली. पंधरा व्हॉल्व्ह अजून बाकी होते.

रुखसाना बागवान मॅडम उंच होत्या, हातात यादी होती आणि चेहरा जाड अक्षरांतल्या ओळीसारखा होता. टेबलाशी येऊन त्यांनी एक पट्टी उचलली.

"काचेवर नाव नाही, कागदावर आहे. कागदावर काय, कुणीही काहीही लिहील. हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

आत्याआजी काही बोलणार इतक्यात वल्लरी पुढे झाली. नावं कुणामुळे गेली इथपासून तिने सुरुवात केली. थेंब, तेल, शाईखालची काच, सगळं सांगितलं आणि मग एक गार व्हॉल्व्ह मॅडमसमोर धरला. "तुम्हीच करून बघा. तोंड उघडून, हळू. फुंकर नाही मारायची, हाऽऽ करायचं."

बागवान मॅडमनी आधी दाराकडे पाहिलं. कुणी बघत नाही याची खात्री केली. मग वाकून त्यांनी हाऽऽ केलं.

"ई झेड ८०," त्या पुटपुटल्या. मग सरळ झाल्या आणि पुन्हा वाकल्या. "अजून एकदा बघते." पुढचे बारा व्हॉल्व्ह त्यांनीच वाचले. वल्लरीने हात पुढे केला तर त्या म्हणाल्या, "थांब, माझा नंबर आहे."

उरले दोन, साबण लागलेले. त्यांवर तिघींनी पाळीपाळीने श्वास टाकला. काच सगळीकडे सारखीच धुरकट झाली.

पहिला जरा मोठा होता, खाली काळं बूड असलेला. आत्याआजीने तो उलटा केला आणि तिचा अंगठा एका ओरखड्यावर थांबला. सुईने कोरलेलं बारीकसं 'द' होतं.

"दत्तात्रय," ती म्हणाली. "बाबांनी कोरलंय. दुकानात व्हॉल्व्हची अदलाबदल होऊ नये म्हणून." तिने तो दोन्ही हातांत धरला. "हा त्यांच्या रेडिओतला. सिक्स व्ही सिक्स. ही जात मी डोळे मिटूनही ओळखते, नावाची गरज नाही."

"तो डाग निघत नव्हता," नेटका म्हणाला.

"देवाचे आभार मान," आत्याआजी म्हणाली.

"कोणत्या विभागात नोंद करू?" नेटक्याने विचारलं, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्याला ओरखडा नव्हता. त्याचा माथा बाकीच्यांसारखा चंदेरी नव्हता, दुधासारखा पांढरा होता. सकाळी नेटक्याने याच कारणासाठी त्याला सगळ्यांत स्वच्छ ठरवून रांगेत पहिला उभा केला होता.

"हा मेलेला आहे," बागवान मॅडम म्हणाल्या. "चंदेरी थर उरलीसुरली हवा पकडून ठेवायला असतो. बाहेरची हवा आत शिरली की तो पांढरा पडतो. याला नाव नाही आणि हा चालतही नाही. हा कारखान्यात जाईल. नियम आहे."

वल्लरीने तो पांढरा माथा पाहिला. "पण मॅडम, बाकीच्या तीनशे अकरांकडे बघून हवा शिरल्यावर काय होतं ते कुणाला कळेल? हा एकटाच ते दाखवतो. नाव काम सांगतं ना? मग याचं काम हेच." तिने एक पट्टी घेतली आणि लिहिलं: हवा शिरलेला व्हॉल्व्ह.

बागवान मॅडमनी पट्टी वाचली, यादी वाचली, पुन्हा पट्टी वाचली. "नाव आहे खरं," त्या म्हणाल्या आणि यादीवर खूण केली. मग त्यांनी 'द' कोरलेला व्हॉल्व्ह आत्याआजीच्या हातात परत ठेवला. "आमच्या खोक्यात तीनशे अकराच मावतात."

खोकी बांधून झाल्यावर चहा झाला. आमरसाचं कुणी विचारलं नाही. मॅडम सांगत होत्या की केंद्रात हे व्हॉल्व्ह ज्या दालनात ठेवणार आहेत, त्याच्या समोरच चंद्रावरच्या तळाचं दालन उभं राहतंय.

"चंद्रावर हवाच नाही," वल्लरी कप खाली ठेवत म्हणाली. "म्हणजे सगळा जिना मोकळाच आहे की. तिथे हवा काढून टाकायचं कामच नाही."

"म्हणूनच काही जण केसाहूनही बारीक निर्वात व्हॉल्व्ह करून बघतायत," आत्याआजी म्हणाली. "चिपवर मावतील असे. अवकाशातल्या किरणांनी चिपा बिघडतात, हे त्यामानाने चिवट. आणि तिथे काच लागेलच असं नाही. तू मोठी होईपर्यंत कदाचित तिथे बसून कुणी उघडे व्हॉल्व्ह बनवत असेल."

बाहेर चालकाशिवाय चालणारा केंद्राचा टेम्पो खोकी घेऊन हळूहळू वळणावर दिसेनासा झाला.

"आत्याआजी, पण काचच नसेल तर नाव कुठे लिहायचं?"

तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न आत्याआजीला कुणी विचारला नव्हता.

"मला नाही माहीत," ती म्हणाली आणि पेन्सिल वल्लरीकडे सरकवली. "तू शोध."